माझा सर्वात गाजलेला डाग

माझ्या संशोधनाचा उल्लेख जगभर होतो. लग्नाच्या पंगतीत मी हे वाक्य आधी टाकतो. समोरच्याच्या भुवया वर गेल्या की मग पुढचं सांगतो: उल्लेख होतो, तो 'असं करू नये' म्हणून.

मी डोळ्याच्या पडद्याचा डॉक्टर. बुऱ्हाणपुरात दवाखाना, आणि अंगात संशोधनाचा किडा. मधुमेहानं पडदा कसा बिघडतो ते बघायला मी जवळच्याच निंबोला गावात शिबिर घेतलं होतं. मदतीला माझा वर्गमित्र आला होता. सिंधीपुऱ्यात आम्ही एकाच गल्लीत वाढलो. तो पुढे मोठ्या शहरातल्या संस्थेत गेला, मी इथंच राहिलो. केळीच्या बागांतून माणसं यायची, त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकून बाहुली मोठी करायची आणि कॅमेऱ्यानं आतल्या पडद्याचा फोटो घ्यायचा, असं काम. एका आजीनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, डोयात काय दिसून राह्यलं?" मी म्हणालो, "आजी, इतिहास!"

आणि घडलाच की. दुपारनंतरच्या फोटोंत बघावं तर ज्याच्या-त्याच्या पडद्यावर, वरच्या डाव्या कोपऱ्यात, एक फिकट मेणचट डाग. मला वाटलं, केळीच्या पट्ट्यातला नवा आजार सापडला. फवारणीशी त्याचं नातंही मी जुळवून टाकलं. पेपर लिहिला, तो छापूनही आला. लिहिताना मित्राला म्हटलं होतं, तुझंही नाव टाकतो. तो म्हणाला, "नाही यार, मेहनत तेरी है. तुझंच नाव लाव." त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक मी घरोघरी करत फिरलो. सगळ्या फोटोंची मूळ प्रतही त्याला मीच दिली, स्टेशनवर जाऊन, गाडी सुटता सुटता.

काही काळानं त्याचा पेपर आला. त्याचं म्हणणं साधं होतं. उजवा आणि डावा डोळा एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असतात. आजार खरा असेल, तर उजव्या डोळ्यात ज्या बाजूला दिसेल त्याच्या उलट बाजूला तो डाव्या डोळ्यात दिसायला हवा. हा डाग मात्र दोन्ही डोळ्यांत डावीकडेच. म्हणजे तो पेशंटच्या पडद्यावर नव्हता, डॉक्टरच्या भिंगावर होता. पडद्याच्या डॉक्टरला एवढं न दिसणं म्हणजे शिंप्यानं दोन्ही बाह्या एकाच खांद्याला शिवण्यासारखं झालं.

आता तर कंप्युटरकडून पडद्याचे फोटो वाचून घ्यायचे दिवस आलेत. त्यावर कुणीही काही लिहिलं की आम्हा दोघांची सायटेशन जोडीनं येते. चूक म्हणून मी, दुरुस्ती म्हणून तो. त्या दुरुस्तीच्या जोरावर तो विभागप्रमुख झाला. मी लाजेचा किस्सा केला आणि गावभर सांगत सुटलो. कुणी म्हणालं, मित्रानं दगा दिला, तर मी भांडायला उठायचो. त्याला नंतर दिसलं, त्यानं छापलं; विज्ञानात असंच करायचं असतं. त्या सगळ्या फजितीतून मी एकच वस्तू शाबूत बाहेर काढली होती, ती म्हणजे हा मित्र.

यंदाच्या हिवाळ्यात तो भाचीच्या लग्नाला आला आणि आमच्याकडे जेवायला बसला. त्याच्या संस्थेत आम्ही दोघांनी एकाच मंचावर बोलायचं, असा त्याचा बेत होता. त्याचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हणालो. कोट कोणता घालायचा तेही ठरवलं. जेवण झाल्यावर मेहुण्यानं किस्सा मागितला. मी रंगात येऊन सांगितला आणि नेहमीसारखं म्हणालो, "आता त्या भिंगाला काय लागलं होतं, देव जाणे."

"देवाला कशाला त्रास? मला विचार ना!" मित्र म्हणाला. "गावकऱ्यांनी आपला तुपात भिजलेला गोड दराबा आणला होता. तू वाटी चाटूनपुसून संपवली आणि त्याच तुपाच्या बोटानं भिंगावरची धूळ पुसली. मी समोरच उभा होतो!"

घर हसून दणाणलं. या किस्स्याला एवढा मोठा हशा माझ्या तोंडून कधी मिळाला नव्हता. बायको तेवढी हसली नाही.

"भाऊजी, मग तेव्हाच का नाही बोललात?"

"वहिनी, तेव्हा पेशंटची लाइन लागून राहिली होती…"

"आणि यांनी पेपर लिहिला तेव्हा?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. अशा वेळी मी काहीतरी विनोद टाकून सगळ्यांना मोकळं करतो, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे. मी पाण्याचा पेला उचलला.

"मला वाटलं, छापणारेच पकडतील," तो म्हणाला. "आणि यार, दोघांचंही भलंच झालं ना? नाहीतर तुला बुऱ्हाणपूरच्या बाहेर कोण ओळखत होतं?"

खरंच होतं ते. पण माझ्या डोक्यात ते जुनं वाक्य फिरत होतं: तुझंच नाव लाव. ते म्हणताना त्याला सगळं माहीत होतं.

मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो. बूट चढवत तो म्हणाला, "तारीख कळवतो. तुझं बोलून झालं की शेवटी दराब्याचं मी सांगेन. लोक खुर्चीवरून पडतील बघ."

"तू एकटाच सांग," मी म्हणालो. "पूर्ण किस्सा तुझ्याकडे आहे. मी इतकी वर्षं अर्धाच सांगत होतो."

"अबे, बुरा मान गया क्या?"

"हो."

तो हसरा चेहरा करून थांबला. माझ्या 'हो'नंतर नेहमी काहीतरी येतं, त्याची वाट बघत. मी फाटकाची कडी लावली.