काकीच्या पट्टीतलं गवत

पाऊस ओसरला की आमच्या कॉलेजच्या निसर्ग मंडळाचे रविवार सुरू होतात. एका रविवारी रानात बिया गोळा करायच्या, एका रविवारी गोणीत माती भरून ओढ्याला बांध घालायचा, एखाद्या रविवारी रोपवाटिकेतलं तण काढायचं. मी मंडळात झाडांच्या आवडीमुळे आले असं अर्जात लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. महाडला मी ज्या खोलीवर राहते तिथल्या दोघी मुली शनिवारी दुपारीच आपापल्या गावी जातात. माझं गाव पोलादपूरच्या वर, डोंगरात. एसटी फाट्यापर्यंत, तीही दिवसातून दोनदा, आणि पुढे कच्च्या रस्त्याने तासभर चढ. दर आठवड्याला जाणं जमत नाही. रविवार फार लांब असतो.

जुलैमध्ये मंडळाच्या सरांनी विचारलं होतं, झाडं लावायला कोणाच्या गावात जागा आहे का. वर्गात मी सहसा हात वर करत नाही. त्या दिवशी केला. आमच्या गावकीच्या, म्हणजे सगळ्या गावाच्या सामाईक माळावर ऐन, आवळा, बेहडा, जांभूळ अशी रोपं लागली. ऑक्टोबरपर्यंत गवत त्यांच्या डोक्यावरून गेलं. हेच गवत वाळलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये खालून वणवा चढतो आणि एका दुपारीत सगळं काळं करतो. म्हणून रोपांभोवती दहा फूट रुंदीची पट्टी कापून मोकळी करायची, म्हणजे आग तिथे येऊन थांबते. सर त्याला जाळपट्टा म्हणतात. दिवाळीनंतर परीक्षा होत्या, म्हणून सरांनी दिवाळीच्या आधीचा रविवार धरला.

त्या दिवशी गावात कोणी नव्हतं. लवकर पिकणारं हळवं भात तयार झालं होतं, सगळे खाली खाचरात कापणीला. बाबाही तिकडेच. आईने मात्र पहाटेच नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी करून ठेवली होती. शिकवायला मीच पुढे. विळा कसा धरायचा, मूठ कुठे आवळायची, डावा पाय कुठे ठेवायचा. ज्या मुली डबा खाताना मला कधी बोलावत नाहीत, त्या माझ्याकडून शिकत होत्या. एकीच्या मोज्यांत कुसळं भरली, ती मी बसून काढून दिली. ती म्हणाली, "तुझं गाव भारी आहे ग." मी तिचा दुसरा मोजा हातात घेतला.

कापत कापत आम्ही ओढ्याच्या बाजूला आलो. तिथे एक काठी रोवलेली होती आणि काठीच्या टोकाला मूठभर गवत गाठ मारून बांधलेलं. आमच्याकडे याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. हे गवत राखलेलं आहे, इथे कोणी विळा लावायचा नाही, गुरं घालायची नाहीत. ती पट्टी आमच्या शेजारच्या काकीची. वाटण्या होता होता तिच्या वाट्याला ओढ्याच्या कडेने एक लांब, अरुंद तुकडा आला, एवढंच तिचं गवत. काकीचा मुलगा मुंबईला, गणपतीला आणि शिमग्याला येतो. बाकी वर्षभर काकी आणि तिची तांबडी गाय.

सर म्हणाले, "इथून ओढ्यापर्यंत घ्या, मग कडेकडेने सरळ खाली." गावातल्या लोकांनी जुलैमध्ये लांबूनच हात करून 'त्या ओढ्यापर्यंत' असं दाखवलं होतं, त्यामुळे सगळी जागा गावकीचीच अशी त्यांची समजूत. ती चुकीची आहे हे तिथल्या सगळ्यांत फक्त मला माहीत होतं.

मी बोलले नाही. सर दोरीने अंतर मोजत होते, एक मुलगा फोटो काढत होता, सगळ्यांचे हात चालू होते. मी थांबवलं असतं तर काम अडलं असतं, सर्वांनी माझ्याकडे बघितलं असतं, आणि मला त्या काठीचा आणि गाठीचा अर्थ सांगावा लागला असता. तो सांगताना मी पुन्हा डोंगरातली मुलगी झाले असते. असं काहीतरी वाटलं. तेव्हा एवढं स्पष्टही नव्हतं. मी खाली बघून विळा चालवला. कोणीतरी काठी उपटून बाजूला ठेवली. उन्हं कलेपर्यंत काकीची सगळी पट्टी कापून झाली.

संध्याकाळी सगळं कापलेलं गवत एका जागी रचून त्याच्या पुढे फोटो झाला. ओलं गवत असं रचत नाहीत, ते आधी पसरून वाळवायचं असतं, हेही मला माहीत होतं. दोन दिवसांनी परतीचा पाऊस आला. मी महाडला प्रयोगशाळेत होते. पत्र्यावर तो वाजायला लागला तेव्हा मला तो ढीग दिसला. आमच्याकडे दिवाळी झाल्याशिवाय गवताला विळा लावत नाहीत, ते याच पावसासाठी. मी बाबांना फोन करायला हवा होता. केला नाही.

दिवाळीला घरी गेले तेव्हा ढीग काळा पडला होता. हात घातला तर आत गरम, आणि कुबट वास. आई म्हणाली, "जाऊन ये तिच्याकडं. ती काय बोलत नाय, पण बघते आपल्या दाराकडं."

काकी ओटीवर पाय लांब करून बसली होती. एका गुडघ्याला कसलंतरी तेल चोळत होती.

"ये गो, कालेजवाली. बस."

"काकी, ते गवत..."

"तू होतीस ना तिथं?"

"होते."

"खूण दिसली नाय?"

नाही म्हणता आलं असतं. "दिसली," मी म्हटलं.

काकीने गुडघा चोळणं थांबवलं नाही. "मग डोळं चांगलं हायत. जीभ कुठं ठेवलीस? का कालेजात मुकं राहायचं शिकवतात?"

मी ओटीच्या कडेला बसले. तीच पुढे म्हणाली, "आता गप बसून काय करतेस. तेव्हा बसलीस ते पुरं झालं."

गोठा ओटीला लागूनच. तांबडी आत उभी होती, शेपटीने माश्या वारत. काकीचं म्हणणं साधं होतं. पट्टीतलं गवत उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पुरतं. ते नाही तर गाय नाही. लांबून चारा आणायला तिचा गुडघा चालत नव्हता आणि चारायला डोंगरावर नेणं तिने दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं.

बाबा त्या रात्री जेवणाआधी तिच्याकडे गेले. मी दाराशी उभी होते. ते म्हणाले, "वहिनी, आमच्यातलं घ्या. होईल पुरवठा."

"तुझ्या दोन बैलांचं काढून माझी एक गाय पोसू? उद्या बैल येतील माझ्या दारात हंबरत. त्यांना काय सांगू, तुमच्या धन्याची पोर शिकलेली हाय?"

बाबा हसले. मला हसू आलं नाही. आमचंही गवत बेताचंच आहे हे काकीला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी विळा आणि दोरी घेऊन कड्याकडे गेले. तिथलं गवत कोणाचंच नाही, कारण तिथे कोणी जात नाही. उतार फार आहे, एका हाताने झुडूप धरून दुसऱ्याने कापायचं. खाली घाटातल्या गाड्यांचा आवाज येत होता, बाकी काही नाही. माझ्या वयाचं गावात कोणी राहिलेलं नाही. पूर्वी या दिवसांत सगळ्या माळावर कापणाऱ्या बायका असायच्या, एकीने हाक मारली की दुसरी ओ द्यायची. दुपारी भाकरी सोडली आणि लक्षात आलं की सकाळपासून मी तोंडातून एक शब्द काढलेला नाही. महाडच्या खोलीवरच्या रविवारीही असंच होतं. फरक एवढाच की इथे हातांना काम होतं.

चार दिवस कापलं, पसरून वाळवलं, भारे बांधून काकीच्या गोठ्याच्या माळ्यावर टाकले. काकीने एक पेंढी सोडली, बोटांत चुरगळली, नाकाला लावली.

"कड्यावरलं. कुसळच जास्ती."

"खाईल ना?"

"तोंड लावील. संक्रांतीपर्यंत ओढून नेता येईल. पुढं?"

सुट्टी संपली होती. निघताना मी गोठ्यात डोकावले. काकी खाली बसून पेंढीतलं लांब कुसळाचं गवत वेगळं काढत होती.

सोमवारी तास संपल्यावर मी सरांना सांगितलं. प्रयोगशाळेत ते काचपट्ट्या धुत होते. मी काठीपासून सुरुवात केली आणि काळ्या ढिगापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी नळ बंद केला.

"मला वाटलं ओढ्यापर्यंत गावकीचंच आहे." हात पुसत म्हणाले, "तू तिथेच होतीस ना?"

"हो सर."

"मला त्याच वेळी सांगायचं. मी थांबलो असतो."

ते खरं होतं. सर रागीट नाहीत, आणि एका बाजूने पट्टा वळवून घेणं काही अवघड नव्हतं. हे मला त्या रविवारी का दिसलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर मिळालं तरी त्याचा कोणाला उपयोग नाही.

सरांनी त्याच आठवड्यात नाते गावातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून भाताचा पेंढा ठरवला. रविवारी टेम्पोने वर न्यायचा. गुरुवारी संध्याकाळी मी आनंदाने बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगो, गाय काल गेली. वहिनीचा भाऊ टेम्पो घेऊन आला होता शिवथरच्या खोऱ्यातनं. संक्रांतीनंतर उपाशी ठेवायची त्यापेक्षा धडधाकट हाय तोवर देते म्हणाली. वहिनी ओटीवरनं उतरली नाय."

दिवाळीच्या आधी सरांना सांगितलं असतं तर पेंढा गायीच्या आधी पोचला असता. मी दोनदा गप्प बसले होते, आणि दुसऱ्यांदा, पाऊस आला तेव्हा, तर समोर कोणी नव्हतंही.

तरीही सर रविवारी आले. काकीसमोर हात जोडून म्हणाले, "आजी, चूक माझी आहे. मी विचारायला हवं होतं."

"आजी कुणाला म्हणतोस रे? तुझं केस माझ्यापेक्षा पांढरं." मग सरकून जागा केली. "बस. चहा घे. बिनदुधाचा हाय."

सरांनी तो चहा संपवला. पेंढा आमच्या गोठ्यात उतरवायला काकीनेच सांगितलं, बैल हंबरणार नाहीत म्हणाली. टेम्पो वळत असताना तिने मला खुणेने जवळ बोलावलं.

"महाडवरनं शिवथरकडं गाडी जाते ना गो?"

"जाते."

"मग एक दिवस बघून ये तिला. भाऊ फोनवर सगळं बरंच सांगतो. त्याला गाय कधी कळली नाय."

पुढच्या रविवारी मंडळ बिया गोळा करायला गेलं, मी शिवथरच्या गाडीत बसले. गाडीत निम्मे लोक समर्थांची घळ बघायला निघालेले. मी अलीकडेच उतरले. काकीच्या वहिनीने मला कोण म्हणून विचारलं. शेजारची, एवढंच मी सांगितलं. तांबडी आणखी तीन गुरांबरोबर बांधलेली होती, पुढ्यात ओला चारा होता. मी हाक मारली तेव्हा तिने मान वर केली, थोडा वेळ बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मी फोनवर फोटो काढले. परतीची गाडी उशिरा होती. तोवर गोठ्याबाहेर दगडावर बसून राहिले.

दोन आठवड्यांनी घरी जाता आलं. काकीने फोन हातात घेतला, आधी जवळ धरला, मग लांब.

"खाते?"

"खाते. ओला चारा होता पुढ्यात."

"दावं आखूड बांधलंय. मान वळवता येत नाय तिला. आणि शिंगाला तेल लावलेलं दिसत नाय."

"फोन लावून देऊ का शिवथरच्या मामांना?"

"नको. आता त्यांची हाय ती." ती फोटोकडे बघतच राहिली. स्क्रीन काळी झाली तेव्हा तिने फोन माझ्यापुढे केला. "विझला. अजून हायत का?"

पाच होते. एकेक करून पाचही दाखवले. मग ती म्हणाली, पहिल्यापासून दाखव.