आमच्या बुढ्याचं शेवटचं इंजिन

एरंडेलाचा डाग साडीवर कधी पडला हे कोणालेच समजत नाई. धुवाले बसलं का दिसते, अन तोवर तो पक्का झालेला असते. आमच्या घरातले हे किस्से असेच जमले. बुढा, म्हणजे माहा नवरा, इंजिनं जमवत गेला, अन किस्से माह्या पदरात पडत गेले. आता गुडघे साथ देत नाई. दोन पायऱ्या चढली का बसा लागते, अन बसली का एकेक आठवते.

इंजिन म्हणजे ट्रॅक्टरचं नाई बरं! मुठीत मावते एवढंसं, खेळण्यातल्या उडत्या इमानाचं. जवानीत आमचा बुढा इथंच अमरावतीत एका वर्कशॉपमधी टर्नर होता. कॉलेजातले पोट्टे हलक्या लाकडाचे इमानं करत, तारेले बांधून गोल गोल उडवत. इंजिन बिघडलं का ह्याच्याकडे घेऊन येत. पुढं पोट्टे नोकऱ्याईले लागले, इमानं मोडले, अन इंजिनाचं वेड तेवढं आमच्या घरी राहून गेलं. रिटायर झाल्यापासून बुढा कोणाच्या माळ्यावरचे, कोणाच्या भंगारातले जुने जाम इंजिनं आणते अन चालू करते.

संगतीले दोघं. एक अकोल्याचे रहीमभाई, घड्याळ दुरुस्तीवाले. दुसरे आमच्याच गल्लीतले इंगळे सर, शाळेत सायन्स शिकवत. दर रविवारी तिघं आमच्या गच्चीवर. चहा माहा!

*

एकदा मी दोन दिवस वलगावले बहिणीकडे गेली होती. वापस आली तं गॅसवर माहं दुधाचं पातेलं, अन त्यात काहीतरी हिरवंगार खदखदून राहिलं. मले वाटलं, अव बाप्पा, बुढ्यानं पालक केला! एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! डोळ्यात पाणी आलं माह्या. चमचा घातला तं बुडाशी टणकन आवाज आला.

"चाखू नको, चाखू नको! जहर हाय ते!" बुढा बाथरूममधून अर्धी दाढी घेऊन धावत आला.

कारच्या रेडिएटरमधी टाकते ते हिरवं पाणी होतं. इंजिनात जुनं एरंडेल डिंकावानी वाळून बसते, ते त्यात उकळलं का सुटते म्हणे.

"जहर शिजवाले माहंच पातेलं भेटलं का तुमाले?"

"दुसऱ्याचं बूड एवढं जाड नाई," म्हणे.

पातेलं तवापासून त्याचं झालं. दूध मी भाताच्या गंजात तापवते.

*

आता मुद्द्याची गोष्ट. पोरगा दिनेश पुण्याले असते. फ्लॅट हाय, लिफ्ट हाय, सून गुणाची हाय. "घर बंद करा अन इकडे या," चार वर्षांपासून म्हणून राहिला. मी तं तयारच! तिकडे भांड्याले बाई, खाली दवाखाना, चढ-उतर नाई.

बुढा मात्र एक दिवस फोनवर म्हणाला, "एक शेवटचं इंजिन राहिलं. ते चालू झालं का त्याच दिवशी निघालो. शब्द हाय माहा."

ते इंजिन म्हणजे त्याचं सगळ्यात पहिलं. कॉलेजच्या पोट्ट्याईनं जाताना त्याले बक्षीस देलेलं.

तवापासून दर रविवारी फोन. "बाबा, झालं का?"

"थोडं राहिलं."

माही बॅग भरलेली हाय. थंडी पडली का तिच्यातून शाल काढते, थंडी सरली का वापस ठेवते. फ्लॅटमधी एवढ्या लोखंडाले जागा नाई, मंग इंजिनं वाटून द्या लागतीन. रहीमभाईचं वय पुण्याच्या प्रवासाचं नाई. गेलं का हे तिघं पुन्हा एका गच्चीवर बसत नाई, हे तिघाईले माहीत हाय.

*

ह्या इंजिनाले पेट्रोल चालत नाई. त्यात एरंडेल लागते, अन ते बी चांगलं. बुढा तेलवाल्याकडून दोन-दोन लिटर आणते. एकदा मी तिथं शेंगदाण्याचं तेल घ्याले गेली, तं दुकानदार गिऱ्हाइकं सोडून बाहेर आला. आवाज बारीक करून म्हणे, "काकू, काकाचं पोट अजून साफ नाई झालं का? मोठ्या डॉक्टरले दाखवा ना!"

मी म्हटलं, "पोट ठीक हाय बाबू. डोक्याले एरंडेल चालते का तेवढं सांग!"

*

इंजिन चालू कराचं म्हणजे त्याच्या पंख्याले बोटानं फटका माराचा. उलटा फिरला का बोट गेलं! सरांनी तिघाईले लाकडी दांडके करून देल्ले. बुढा म्हणे, "दांडक्यानं इंजिनाचं मन समजत नाई."

एका रविवारी चार टाके पडले. डॉक्टर पोरगेलासा होता. "आजोबा, पंख्यात बोट कसं गेलं?"

"इमानाच्या पंख्यात गेलं."

"कोणत्या इमानाच्या?"

"इमान नाई आता. नुसतं इंजिन हाय."

डॉक्टरनं पट्टी बांधली अन मले दाराजवळ घेतलं. "आजी, आजोबाले आजकाल विसर पडते का?"

"पडला असता तं सुखी झाली असती रे बाबा!"

*

रहीमभाई अकोल्याहून इंजिनं मोज्यात गुंडाळून आणते. बडनेऱ्याच्या टेशनवर एका पोलिसानं थैली उघडाले लावली. मोज्यातून निघालं लोखंड, वरून दवाखान्यावानी वास!

"ये क्या है?"

"हवाई जहाज का इंजन, साब."

"अन जहाज कुठं हाय?"

"वो तो गिर गया. पचास साल हो गए."

रहीमभाईनं आमच्या घरी फोन लावला अन पोलिसाच्या हातात देल्ला. बुढा गच्चीवर, मंग फोन माह्याजवळ. पोलीस म्हणे, "बाई, ह्या चाच्याले वळखता का?"

"वळखते साहेब. गरीब माणूस हाय."

"हे वस्तू धोक्याची तं नाई?"

"धोका कायचा, चालूच होत नाई ते! पण तुमाले ठेवून घ्याचं असन तं घ्या. गाडी पाठवत असान तं आमचा बुढा बी देते संगं!"

पोलीस एवढा हासला का रहीमभाईले त्यानं स्वतः गाडीत बसवून देल्लं. तवापासून रहीमभाई माह्यावर रुसून होते. दोन रविवार. चहा दोन कप पेत, पण बोलत नव्हते!

*

शेंदूरजनाघाटले एका संत्राबागवाल्याकडे जुनं इंजिन हाय, असं सरांले समजलं. तिघं एसटीनं गेले. पाहते तं इंजिन देव्हाऱ्यात! घरातल्या म्हातारीचा दीर कॉलेजात असताना इमानं उडवत होता, तो तरणाताठा वारला. म्हातारीनं त्याचं इंजिन देवापाशी ठेवलं. रोज हळद, कुंकू, एक फूल.

बुढ्यानं हात जोडले. "माय, आमी ह्याले जिवंत करतो."

म्हातारी म्हणे, "करा ना. पण जागा रिकामी ठेवत नाई मी. बदल्यात देव द्या."

इंगळे सरांच्या थैलीत घासूनपुसून लख्ख केलेलं एक इंजिन होतं. त्याईनं ते देल्लं. म्हातारीनं फिरवून फिरवून पाहिलं, कुंकू लावलं अन म्हणे, "हा जास्त तेजाचा हाय."

येताना एसटीत सर एकदम म्हणाले, "माह्या बापानं दीक्षा घेतली अन घरातले देव सोडले. अन मी म्हातारपणी देव बदलून देऊन राहिलो!"

ते इंजिन चालू झालं तवा धुरासंगं हळद उडाली. तिघाईचे सदरे पिवळे. धुतले मीच.

*

यंदा दसऱ्याले दिनेश न सांगता आला. बुढ्याच्या त्या शेवटच्या इंजिनाच्या डोक्यातला बारका दट्ट्या जाम होऊन झिजला होता. दिनेशनं इंगळे सरांकडून फोनवर मापं घेतले अन पुण्यात नवा दट्ट्या करून आणला. "बाबा, आज होऊनच जाऊ द्या!"

गच्चीवर फळीले इंजिन आवळलं. रविवारच होता, रहीमभाई अन सर आलेलेच होते. दिनेशनं दट्ट्या बसवला, तेल भरलं, पंख्याले फटका मारला. एक. दोन.

तिसऱ्याले टर्रर्रर्र! गल्लीतले कबुतरं उडाले. निळा धूर, एरंडेलाचा वास. एवढे वर्ष ज्याची वाट पाहिली ते इंजिन बोलून राहिलं, अन हे तिघं कठड्याले टेकून असे उभे जसे कोणाच्या दारी सांत्वनाले आले. टाकी संपली, इंजिन थांबलं.

"बाबा, झालं! तिकिटं काढू?" दिनेशनं मोबाईल काढला.

बुढा रिकाम्या टाकीचं झाकण लावत बसला. त्यानं शब्द देल्ला होता.

रहीमभाई घसा खाकरून म्हणाले, "बेटा, ये वो इंजन नहीं है."

"चाचा! काय म्हणता?"

इंगळे सर चष्मा पुसत म्हणाले, "माह्याकडून मापं दुसऱ्याच इंजिनाचे गेले असन."

दिनेश हासला. "तुमी तिघं एकाच माळेचे! आई, तू सांग. तू खोटं बोलत नाई. हेच ना ते?"

सगळे माह्याकडे पाहाले लागले. मले अक्षर येत नाई. इंजिनावरचे नावं ह्या लोकाईसाठी. मी एकेकाले खुणेनं वळखते. ह्याच्या अंगावरच्या तिसऱ्या पातीले एक खाच होती. दिनेश रांगत होता तवा त्याच्याच हातून पडलं होतं.

मी इंजिनाले हात लावला. गरम होतं. खाच बोटाले लागली.

"नाई," मी म्हटलं. "हे ते नोहे."

"मंग ते कोणतं हाय?"

खोक्यात हात घातला. सगळ्यात गंजलेलं जे हाताले लागलं ते काढलं अन बुढ्याच्या हातावर ठेवलं. "हे."

बुढ्यानं ते बनियनले पुसलं. पंखा नाई, स्क्रू नाई. रहीमभाईनं घड्याळाचं भिंग डोळ्याले लावलं अन धूर निघाच्या छेदातून आत पाहिलं. आत पिस्टनच नव्हता. पलीकडून माही साडी दिसून राहिली असन.

किती वेळ पाहत होते. मंग भिंग खिशात ठेवून दिनेशले म्हणाले, "थोडा काम बाकी है, बेटा."