पुलाबद्दलचा खुलासा

नगरपालिकेच्या जनसंपर्क कक्षात सव्वीस वर्षं काढलेल्या त्या कारकुनाला सगळे खुलासेकाका म्हणत. पेपरात पालिकेविरुद्ध काही छापून आलं, की दुपारपर्यंत यांचा खुलासा तयार. हात असा बसलेला, की समोरच्याला उत्तर तर मिळायचं, पण ताकास तूर लागायची नाही. घरीही तीच भाषा. बायको म्हणाली, "अहो, नळ गळतोय," की हे पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "सदर बाब विचाराधीन आहे." त्यावर ती म्हणायची, "मग उठून बादलीही विचाराधीन ठेवा तिथे!"

माणूस मनाने सरळ. इतर कक्षांत लोकांची पत्रं वर्ष वर्ष धूळ खात पडायची. खुलासेकाकांच्या टेबलावर आठवडाभरही नाही.

एके दिवशी एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं. कालव्यावरच्या पादचारी पुलाबद्दल होतं. वळणदार अक्षरात बाईंनी लिहिलं होतं, 'मधल्या खांबापाशी पाय ठेवला की पूल हलतो. महिनाभर मी लांबच्या रस्त्याने जाते आहे, पण आता गुडघे साथ देत नाहीत. पूल सुरक्षित आहे की नाही, एवढंच खरं खरं कळवा.'

खुलासेकाकांनी बांधकाम विभागात फोन लावला. तिथला इंजिनियर घाईत होता.

"त्या पुलाची पाहणी झालीय ना?"

"झालीय हो. अहवाल यायचाय."

"मग बाईंना काय लिहू?"

"सुरक्षित आहे म्हणून लिहा. धोका असता तर बंद केला नसता का आम्ही?"

अहवालाची वाट बघावी, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. पण साहेबांना संध्याकाळपर्यंत सगळ्या पत्रांचा निपटारा हवा होता. त्यांनी लिहिलं, 'सदर पूल सुरक्षित असून आपण त्याचा निःशंकपणे वापर करावा.' 'निःशंकपणे' हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला. बाईंना जरा धीर यावा म्हणून.

अकराव्या दिवशी सकाळी पुलाचा मधला भाग कालव्यात कोसळला. चार माणसं गेली. मृतांची यादी टाइप करताना चौथ्या नावाशी खुलासेकाकांची बोटं थांबली. ते तसेच उठले आणि पत्रावरचा पत्ता शोधत बाईंच्या घरी गेले.

दार मुलीने उघडलं. पालिकेतून आलोय म्हणताच ती आत गेली आणि एक कागद घेऊन आली.

"आईने हे मला दोनदा वाचून दाखवलं. म्हणाली, बघ, नीट विचारलं की नीट उत्तर देतात. दुसऱ्या दिवसापासून पुलावरून जायला लागली." मग तिने विचारलं, "हे कुणी लिहिलं, माहीत आहे तुम्हाला?"

"मी."

तिने कागद त्यांच्यासमोर धरला.

"तुम्ही पूल पाहिला होता?"

"नाही."

"अहवाल?"

"नाही."

"मग हे 'निःशंकपणे' कुठून आणलंत?"

उत्तराची वाट न बघताच तिने दार लावून घेतलं.

कार्यालयात साहेब वाटच बघत होते. "खुलासा लिहा. पुलाबाबत एकही लेखी तक्रार आली नव्हती."

"आली होती, साहेब. उत्तर मीच दिलंय."

"अहो, फाइलीत नसली म्हणजे आली नव्हती! इतकी वर्षं काय शिकलात?"

"तेच शिकलो," खुलासेकाका म्हणाले आणि बाईंच्या पत्राची नोंद असलेलं आवक-जावक रजिस्टर उचलून चौकशी समितीकडे निघाले.

समितीपुढे इंजिनियरने कानावर हात ठेवले. असा फोन आलाच नाही, म्हणाला. फोनची कुठे नोंद असते? कागदावर सही एकट्या खुलासेकाकांची. अहवाल न पाहता माहिती दिल्याचा ठपका त्यांच्यावर आला आणि ते निलंबित झाले. इंजिनियरची नुसती बदली झाली.

"सगळ्यांचं पाप एकट्याच्या माथी का घेता?" बायको रडत म्हणाली.

"बाकीच्यांचं ते बघतील. ती ओळ माझीच आहे."

पुढे कितीतरी दिवस ते त्या मुलीला पत्र लिहायला बसायचे. 'दिलगीर' लिहायचे, खोडायचे. 'दुर्दैवाने' लिहायचे, तेही खोडायचे. हे सगळे शब्द त्यांनी आजवर इतके वापरले होते, की त्यांत काही उरलंच नव्हतं. शेवटी एवढंच लिहिलं, 'मी न बघता लिहिलं. तुमची आई माझ्या शब्दावर गेली.' आणि पत्र पेटीत टाकलं.

आठवड्याने पाकीट न उघडता परत आलं. वर पोस्टमनने लिहिलं होतं, 'घेण्यास नकार'.

"पुन्हा पाठवून बघायचं का?" बायकोने हळूच विचारलं.

"नको," ते म्हणाले. "तिने कशाला वाचावं?"

आणि चपला घालून ते कालव्यावरचा तो पडलेला पूल बघायला निघाले.