चौकोनी मॅगझिनची रायफल

१९७२च्या उन्हाळ्यात माझी पोस्टिंग नगरच्या एका वर्कशॉपमध्ये होती. मी हवालदार, आर्मोरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा. लढाई संपली होती आणि प्रदर्शनाची तयारी सुरू झाली होती. 'शत्रूची शस्त्रे' हा कापडी फलक आधीच रंगवून झाला होता. शस्त्रं निवडायची बाकी होती.

"उद्या दहाला उद्घाटन आहे, आज रात्रीपर्यंत निवडा," मेजरसाहेब म्हणाले. "आपला शिक्का दिसता कामा नये."

शत्रूकडून हस्तगत होऊन आघाडीवरून आलेल्या ढिगातल्या बऱ्याच थ्री-नॉट-थ्री रायफली फाळणीपूर्वी आपल्याच बंगालमधल्या कारखान्यात बनून वाटणीत तिकडे गेलेल्या. इंग्रजांच्या राजमुकुटाचा शिक्का असेल तर शत्रूची धरायची, अशोकस्तंभाचे सिंह असतील तर आपली. शत्रू ओळखण्याची याहून सोपी रीत मला पुढेही सापडली नाही.

मदतीला मिरजगावचा नाईक रशीद होता. त्याचा धाकटा भाऊ लतीफ, सप्लायच्या ट्रकवरचा ड्रायव्हर, डिसेंबरपासून बेपत्ता होता. तो कैदेत असेल, या आशेवर घर उभं होतं.

दुपारी रशीदने एक रायफल उचलली. मॅगझिन चौकोनी. थ्री-नॉट-थ्रीचं खालून तिरकं असतं. चौकोनी म्हणजे सेव्हन-सिक्स-टू, अलीकडे आपणच बनवलेली. ती त्यांच्या ढिगात सापडली, म्हणजे आपल्या माणसाकडून गेलेली.

"उस्ताद, हा लत्याचा नंबर हाय."

"नक्की?"

"सुट्टीत आला की दिवसभर त्योच घोकायचा. अम्मी म्हनायची, मेल्या, साळंत पाडे असे पाठ केले असतेस तर!" तो हसला. "म्हंजे पकडला असंल. व्हय ना?"

शरण जायची वेळ आलीच तर बोल्ट, ज्याच्याशिवाय गोळी सुटत नाही तो, काढून फेकायचा, रायफल शत्रूच्या कामी येऊ द्यायची नाही, हे आम्हाला पहिल्यापासून शिकवलेलं. लतीफने फेकला असता, तर त्यांनी दुसरा बसवला असता. आणि प्रत्येक बोल्टवर त्याच्या मूळ रायफलचा नंबर कोरलेला असतो; नंबर जुळला, तर बोल्ट फेकलाच नव्हता.

"बोल्ट तुमी बघा, उस्ताद."

मी पाहिला. नंबर तोच होता.

"फेकायचा इसरला असंल. लई धांदरट हुता."

"असेल."

रशीदने रायफल पुसली, वेगळी ठेवली. ढिगाकडे वळताना म्हणाला, "न्हाई उस्ताद. लत्या इसरायचा न्हाई."

सकाळी दहाला ब्रिगेडियरसाहेबांनी फीत कापली. बँड वाजला.

रशीदने घरी काही सांगितलं नाही. पुढे कैदी सुटून येऊ लागले, तेव्हा अम्मी नगर स्टेशनवर येऊन बसायची. रशीद तिला गाडीची वेळ विचारून द्यायचा.

लतीफ, ट्रक ड्रायव्हर. त्याने रायफल स्वतःहून दिली नाही. त्याच्याबद्दल खात्रीने एवढंच सांगता येतं.