बाबांच्या साहेबांसाठी जुनी की नवी कार्बाइन

बाबांचे साहेब रिटायर होणार होते. त्यांच्या वडिलांनी महायुद्धात कार्बाइन, म्हणजे सैन्याची आखूड रायफल, वापरली होती. तशीच एक निरोपाला द्यायची, असं वर्कशॉपमधल्या सगळ्यांनी ठरवलं. निवड बाबांवर आली आणि बाबांनी ती माझ्यावर ढकलली. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे जगातलं सगळं मला कळतं असा त्यांचा समज आहे.

दोन आठवडे मी अभ्यास सोडून कार्बाइनवरचे शिक्के आणि नंबर यांबद्दल वाचत बसले. शनिवारी कॅरी गावाजवळच्या बंदुकांच्या दुकानात गेलो; इकडे त्या अशा उघड विकत मिळतात. काउंटरवर दोन ठेवल्या होत्या: एक युद्धातली, लाकडावर ओरखडे पडलेली, दुसरी हल्ली बनवलेली, हुबेहूब तशीच, पण कोरी.

"नवी घेऊ," बाबा म्हणाले. "वापरलेली वस्तू कोणी भेट देतं का? साहेबांना वाटेल, अडगळ उचलून आणली."

"बाबा, ती नक्कल आहे. त्यांच्या वडिलांच्या हातात अशी नव्हती."

"मग ही तरी कुठे होती?"

मी चिडून एकेक शिक्का दाखवत गेले. नळी एका कारखान्याची, बाकीचे भाग दुसऱ्या कारखान्यांचे. युद्धानंतरच्या दुरुस्तीत असं व्हायचं, म्हणजे ही खरोखर सैन्यातली. दुकानदारानेही मान डोलावली. बाबांनी जुनीच्या खरेदीचा फॉर्म मागून घेतला. मला ते आवडलं.

"साहेब ही नेमबाजीच्या रेंजवर नेणारच," फॉर्म पुढे ओढत ते म्हणाले. "इतक्या वर्षांनी गोळी झाडली तर फुटणार नाही ना?"

"नाही."

मला काहीच माहीत नव्हतं. मी फक्त शिक्के वाचले होते. बाबा तीस वर्षं फिटर आहेत. उघडून पाहिल्याशिवाय कुठलंही मशीन सुरू करत नाहीत. आणि आता माझ्या एका शब्दावर नाव लिहू लागले होते.

"बाबा, थांबा. मला नाही माहीत."

"आत्ता तर म्हणालीस."

"उगाच म्हणाले."

त्यांनी पेन ठेवलं आणि दुकानदाराला विचारलं. जुनी अजून तपासलेली नव्हती, तपासायला पंधरा दिवस लागणार होते. निरोपसमारंभ तर येत्या शुक्रवारी होता.

"नवीच द्या," बाबा म्हणाले. मग मराठीत, माझ्याकडे न बघता, "साहेबांचे डोळे शाबूत राहू देत."

परतताना मॉरिसव्हिलच्या सिग्नलला त्यांनी विचारलं, "ते शिक्क्यांचं तरी खरं होतं?"

"हो."

"नक्की?"

मी फोन काढला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले.