दत्तूभाऊंचा राजीनामा

कंपनी जोरात चालते तेव्हा सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही. ती डगमगायला लागली की मात्र किश्श्यांचा ढीग पडतो. कामशेतजवळच्या आमच्या कारखान्यात सध्या तेच चाललंय. मी तिथे स्टोअर सांभाळतो.

पहिली चाहूल लागली कंपनीच्या बसचे ड्रायव्हर नजीरभाई यांना. पंपावरची उधारी बंद झाली होती. ते शांतपणे म्हणाले, "डिझेल रोख मागाय लागले. म्हंजे आता पगार उधार!"

झालंही तसंच.

पेंटशॉपमधल्या शेखरने नव्या मोटारसायकलचं बुकिंग रद्द केलं. शोरूमवाल्याने कारण विचारलं. हा म्हणाला, "कामावर जायला घेनार व्हतो. कामच जायला लागलंय!"

याच शेखरने एकदा जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ लावला. कोणी सल्लागार सांगत होता, नोकरी जाण्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवा. सगळ्यांनी मान खाली घालून ऐकलं. नजीरभाईंनी डब्याचं झाकण लावलं. "पगार चालू व्हता, तवा कुटं व्हता रं हा बाबा?"

मळवलीच्या एका बंगल्याला केअरटेकर हवा होता. रविवारी 'देवाला जातो' असं घरी सांगून मी तिकडे गेलो. फाटकाशी शेखर उभा! मागोमाग नजीरभाई आले. कोणी कोणाकडे बघेना. शेवटी नजीरभाईंनीच घड्याळ पाहिलं. "सगळे आले ना? मग सोडू का बस?"

ते काम आधीच गावातल्या एकाला मिळालं होतं.

तयारी करत नव्हते ते एकटे दत्तूभाऊ. आमचे सगळ्यात जुने फिटर. बेडशाला त्यांचं घर अर्धं बांधून पडलंय. स्लॅब टाकायचा तो ग्रॅच्युइटीवर. आम्ही परोपरीने सांगितलं, भाऊ, कंपनीकडे काही शिल्लक आहे तोवर राजीनामा द्या, पैसे पदरात पाडून घ्या. टाळं लागलं की नुसत्या खेपा.

"मालकसाहेबांनी मला हितं आनलं. अडचनीत पाठ फिरवू व्हय?"

हे भाऊंच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या मावशींच्या कानावर गेलं. त्या म्हणाल्या, "चार भिंती हायेत, वर आभाळ. पावसात तुमचे साहेब येनार का छत्री धराया?"

दुसऱ्या दिवशी भाऊंनी माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. सही केली, टोपी नीट केली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेले. मी आणि शेखर दाराबाहेर थांबलो.

बऱ्याच वेळाने भाऊ बाहेर आले. कागद खिशात तसाच.

"काय झालं, भाऊ?"

"आतलं फर्निचर इकलंय. एकच खुर्ची उरलीय. मला बगून साहेब उठले, हाताला धरून मला तिच्यात बसवलं आन आपन उभे राहिले."

"मग? राजीनामा?"

भाऊंनी खिशावर हात ठेवला.

"मालकाच्या खुर्चीत बसून राजीनामा द्यायचा कुनाला?"