यांत्रिक कासव आणि आठ मेंढ्या

इंटर सायन्सची परीक्षा तोंडावर आली असताना मला विषमज्वर झाला आणि परीक्षा सोडून मी घरी आले. घर म्हणजे कळसजवळ कालव्याच्या काठावरचे सरकारी क्वार्टर. वडील तिथे ओव्हरसियर होते. लोक त्यांना रावसाहेब म्हणत आणि मला ‘रावसाहेबांची इंग्रजी पोरगी’. माझी सगळी शाळा पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये झाली होती. ‘प्लीज’, ‘थँक्यू’ आणि ‘सॉरी’ या तीन शब्दांवर तिथे माझे निम्मे बोलणे भागत असे. कळसला या तिन्हींचा काही उपयोग नव्हता. तिथे हवे ते सरळ मागत आणि चुकले तर हसून मोकळे होत. मला दोन्ही जमत नसे, म्हणून मी गप्प बसे. गप्प बसणाऱ्याला लोक शहाणे समजतात. हा गैरसमज मी बरेच दिवस जपला.

वडील महिन्यातून एकदा कामासाठी बारामतीला जात. येताना तिथल्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यातून जुन्या विलायती मासिकांचा गठ्ठा माझ्यासाठी आणत. त्यातल्या एका अंकात यांत्रिक कासवावर लेख होता. पाठीवर कवच, खाली तीन चाके आणि पुढे उजेड ओळखणारा एक डोळा. त्याला कुणी दोरीने ओढत नव्हते. ते आपले आपण उजेड शोधत खोलीभर हिंडे. वाटेत खुर्चीचा पाय आला की धडके, मागे सरे आणि दुसऱ्या वाटेने जाई. आतली बॅटरी उतरू लागली की ते आपल्या खोपटात परतत असे, कारण त्याचे विजेचे खाणे तिथे होते.

मी तो लेख इतक्या वेळा वाचला की ते पान अंकातून सुटून हातात आले. त्या कासवाला आजूबाजूचे कळत होते, त्यावरून काय करायचे ते ठरत होते, आणि या सगळ्यात कुणाशी एक शब्दही बोलावा लागत नव्हता. मला अगदी असेच जगायचे होते.

मी एका वहीत तीन खाने आखले: काय कळते, काय करते, काय हवे आहे. जो दिसेल त्याला या खान्यांत बसवू लागले. भिंतीवरच्या घड्याळाचा फक्त मधला खाना भरला. आमच्या मांजराला तिन्ही खाने पुरेनात. शेवटी स्वतःला बसवून पाहिले. पहिला खाना खालपर्यंत भरला, दुसरा कोरा राहिला. तिसऱ्यात काहीतरी लिहिले होते, पण ते मी खोडून टाकले.

क्वार्टरच्या कुंपणापलीकडे एका मावशींचे रान होते. नात्याने त्या माझ्या कुणी नव्हत्या, पण सगळे त्यांना मावशीच म्हणत. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरांचा मोठा कळप होता. रानाला कालव्याचे पाणी आले तसा कळप विकला आणि घर शेतीला लागले. सासरे, म्हणजे तात्या, यांनी मात्र आठ मेंढ्या हट्टाने ठेवल्या होत्या. मावशींचे मालक बारामतीकडच्या साखर कारखान्यात होते. हंगाम सुरू झाला की सहा महिने घरी येत नसत.

त्या वर्षी मावशींनी अकरा साऱ्यांत बियाण्याचा कांदा लावला होता. सारा म्हणजे दोन बांधांमधला लांबट वाफा. कांद्याच्या पातीतून डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, वर आले होते, डेंगळ्यांच्या टोकांना पांढरे गोंडे धरले होते आणि गोंड्यांत दाणा भरत होता. कुंपणाशी उभ्या राहून मावशी मला सांगत, “येवढं बी घरचं झालं ना पोरी, की फुडच्या साली सगळ्या रानात कांदा. मग मालकांना कशाला जायाचं कारखान्यावर? हितंच ऱ्हातील.” मी मान हलवी. मावशींना गप्प श्रोता आवडत असावा. त्या रोज येत.

आता फक्त एक पाणी हवे होते. कालव्यातून रानाकडे येणाऱ्या चारीला पाणी पाळीने येई. ही पाळी हुकली तर पुढची येईपर्यंत गोंडे वाळून पोचट झाले असते.

मावशी एकट्या पाणी कसे देतात ते मी पाहिले होते. वरच्या टोकाला खोऱ्याने माती ओढून एका साऱ्याचे तोंड उघडायचे, मग चालत खालच्या टोकाला जाऊन पाणी पोचले का ते पाहायचे, पोचले की पळत वर येऊन ते तोंड बुजवायचे आणि पुढचे उघडायचे. अकरा वेळा. ते पाहून माझ्या डोक्यात कासव हलले. पाणी पोचल्याचे कळणारे आणि कळताच काहीतरी करणारे एक यंत्र साऱ्याच्या टोकाला बसवले तर?

सिगारेटचा पत्र्याचा डबा लाखेने बंद केला. तो एका काठीच्या टोकाला बांधला, दुसऱ्या टोकाला घंटा आणि मध्ये दुबेळक्याचा, म्हणजे दोन फांद्या फुटलेल्या काटकीचा, टेकू. पाणी आले की डबा तरंगणार, काठी हलणार, घंटा वाजणार. न्हाणीघरात घंगाळाच्या पाण्यात मी ते तीनदा चालवून पाहिले. घंटेच्या जागी तेव्हा चमचा आणि वाटी होती. वडिलांनी दारातून एकदा डोकावून पाहिले, “अंगात ताप आहे का परत?” म्हणाले आणि गेले.

खरी घंटा तात्यांकडे होती. पूर्वीच्या कळपातल्या म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली, पितळेची. ती मागायला मी दोन दिवस वाक्य घोकले. आयत्या वेळी मला त्यातला एकच शब्द बोलता आला.

“घंटा,” मी म्हणाले.

तात्यांनी वर पाहिले. “घंटा व्हय? कशाला?”

सगळे सांगायचे तर कासवापासून सांगावे लागले असते. “असंच,” मी म्हणाले.

“असंच,” तात्या म्हणाले. “बरं. ने. पर दिवस कलायच्या आत आणून दे बग. मला लागती.”

कशाला लागते, हे मी विचारले नाही. वहीतल्या पहिल्या खान्यात, ‘काय कळते’ मध्ये, एवढी एक ओळ असती तर पुढचे सगळे टळले असते.

पाणी त्याच दिवशी दुपारी आले. पाटकरी, ज्याला सगळे आबा म्हणत, सायकलवरून येऊन चारीचे दार उघडून गेला. उन्हे उतरली की मी बंद करीन, असे बजावून गेला. मावशी खोरे घेऊन वर उभ्या राहिल्या आणि मी यंत्र घेऊन खालच्या टोकाला. पहिल्या साऱ्यात पाणी आले, डबा उचलला गेला, घंटा घणघणली. वरून मावशींनी तोंड बुजवले. मला आयुष्यात इतका आनंद झाला नव्हता. मग मी ते यंत्र उचलून दुसऱ्या साऱ्याच्या टोकाला नेऊन बसवले. मग तिसऱ्या.

ते यंत्र हलवायला दर वेळी एक माणूस लागत होते आणि ते माणूस तिथेच उभे होते. त्या माणसाने तोंडाने नुसते ‘आलं’ म्हटले असते तरी काम झाले असते, हे माझ्या ध्यानात आले नाही. मी यंत्राच्या हुशारीकडे पाहत होते.

सहाव्या साऱ्यात घंटा वाजू लागली तेव्हा माळावरून मेंढ्या येताना दिसल्या. आठही. तात्या तिकडे बाभळीखाली पटका तोंडावर घेऊन झोपले होते. मेंढ्या चरत येत नव्हत्या, धावत येत होत्या. मावशींची त्यांच्याकडे पाठ होती. मी ओरडायला तोंड उघडले. आवाज आला नाही. कॉन्व्हेंटमध्ये ओरडण्याचा तास नव्हता.

मला वाटले, त्या यंत्र तुडवतील. म्हणून मी काठी, डबा, घंटा सगळे उराशी धरले आणि पळत सुटले. कांद्यातूनच. पळताना घंटा वाजत होती आणि ती वाजत होती म्हणून आठ मेंढ्या माझ्या मागे होत्या. मी वळले की त्या वळत. मी पहिल्या साऱ्यापासून सहाव्यापर्यंत आणि परत अशा दोन फेऱ्या मारल्या.

“घंटा टाक गं!” वरून मावशी ओरडत होत्या. “पोरी, घंटा! टाक ती!”

मी ती अधिकच घट्ट धरली. शेवटी मावशींनीच चिखलातून येऊन माझ्या हातातून घंटा हिसकावली आणि तिच्यात ओली माती कोंबली. आवाज थांबला. मेंढ्याही थांबल्या आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागल्या.

“पेंड मागत्यात,” मावशी धापा टाकत म्हणाल्या. “रोज सांजंला ही वाजवून आमचं मामंजी त्यास्नी पेंड घालत्यात. तुला म्हाईत न्हाय व्हय?”

त्या मेंढ्यांना घंटा कळत होती, धावत यावे हे ठरत होते आणि पेंड हवी होती. तिन्ही खाने काठोकाठ. विलायतेत ज्याच्यासाठी बॅटरी आणि चाके लागली ते इथे माळावर आधीपासून आठ नग हजर होते.

मग आम्ही दोघींनी रानाकडे पाहिले. जे सहा सारे भिजले होते ते तुडवले गेले होते, आणि जे पाच उभे होते ते कोरडे होते. या गोंधळात वर पाण्याने बांध फोडला होता आणि ते गाडीवाटेने खुशाल चालले होते. मावशींनी एक मोडका गोंडा हातात घेऊन चोळला. कच्चे दाणे तळहाताला चिकटले. तेवढ्यात चारीवर सायकल टेकवल्याचा आवाज आला. आबा दार बंद करायला आला होता.

“ऱ्हाऊ दे आता,” मावशी म्हणाल्या. खोरे मात्र त्यांनी खाली ठेवले नाही.

मी चिखलाच्या पायांनी चारीवर चढले. आबाने दाराला हात घातला होता.

“कृपया आपण थोडा वेळ थांबू शकाल का?” मी म्हणाले.

एवढ्या मोठ्या मानाचे दुसरे कुणी आले आहे का, ते आबाने मागे वळून पाहिले. मग म्हणाला, “रावसायबांचा हुकूम हाय का?”

इथे नुसती मान हलवली असती तरी काम झाले असते. मान हलवण्यात माझा हात कुणी धरू शकत नव्हते. पण मग वडिलांचे नाव या चिखलात आले असते, आणि आज लेकीने नेलेले पाणी उद्या कोण कोण मागायला आले असते.

“नाही,” मी म्हणाले. “चूक माझी आहे. मावशींचे पाणी माझ्यामुळे वाया गेले.”

“तुमच्यामुळं? तुमी तर बोलत बी न्हाय कुणाशी. काय केलं काय?”

“घंटा,” मी म्हणाले आणि थांबले. आबा वाट पाहत होता. त्याचा एक हात दारावर होता. मग मी सांगायला लागले. कासवापासून.

आबा आधी भुवया चढवून ऐकत होता. गोष्ट सिगारेटच्या डब्याशी आली तसा त्याने दारावरचा हात काढला. मेंढ्या माझ्यामागे पळत होत्या तिथे तो चारीच्या काठावर खाली बसला आणि पटक्याच्या शेवाने डोळे पुसू लागला. खाली मावशींनी फुटलेला बांध कधीच बांधला होता आणि सातवा सारा उघडला होता.

“खालचा बागाईतदार अजून आला न्हाय,” आबा दम खात म्हणाला. “त्यो येस्तवर ऱ्हाऊ दे पानी. तवर परत सांगा. त्या कासवाला भूक लागती म्हनला?”

“बॅटरी उतरते.”

“म्हंजे भूकच की. आन मग घरला जातं?”

“हो.”

“मग आमच्या तात्यापरीस शाणं हाय. त्यो झोपतो.”

मी परत सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना चमचा-वाटीही आत घेतली, कारण पाणी अजून आठव्या साऱ्यातच होते. वडील “ताप आहे का” म्हणाले तेही सांगितले. दहाव्या साऱ्याला माझ्याजवळचे सगळे संपले, तेव्हा मी मेंढ्यांच्या तोंडांचे वर्णन केले. इतके मी त्याआधी सलग कधी बोलले नव्हते, आणि जे बोलले त्यात माझ्या हुशारीचा एक शब्दही नव्हता.

“आलं गं!” खालच्या टोकावरून मावशींची हाक आली. अकरावा सारा.

आबा उठला, त्याने दार बंद केले आणि सायकलवर बसताना पुन्हा हसला. दोन दिवसांत ती गोष्ट इंदापूरपर्यंत गेली. बाजारात अनोळखी माणसे वडिलांना विचारत, “रावसायेब, कासव बरं हाय का?” वडिलांना काही कळेना. मी त्यांना सांगितले, म्हणजे तिसऱ्यांदा.

घंटा मी घासून तात्यांना परत दिली. ते म्हणाले, “कशाला पायजे ते सांगितलं असतंस, तर फुटकी दिली असती. ती बी वाजती, पर तिला मेंढरं वळकत न्हाईत.”

बी पाच साऱ्यांचे झाले. मावशींनी ते फडक्यात बांधून शिंक्यात ठेवले. अर्ध्या रानापुरते होते. “मग मालक अर्धा हंगाम जातील, अर्धा ऱ्हातील,” त्या म्हणाल्या आणि पदराने हात पुसले. मला हसावे की ‘सॉरी’ म्हणावे ते कळले नाही. मी दोन्ही केले.

पुढच्या पाळीला मावशींनी मला त्यांच्या वांग्याच्या साऱ्यांच्या टोकाला उभे केले. हातात काही दिले नाही. “पानी आलं की वरडायचं. बास.” पाणी आले. मी म्हणाले, “आलं.” बांधावरून तात्या म्हणाले, “कुनाला सांगतीस? वांग्याला?”

मी परत म्हणाले. तोवर पाणी माझ्या घोट्यांवरून बांधाबाहेर जात होते.